जुना शेवट

२ फेब्रुवारी, सोमवार

बस पुढे जाणार म्हणे.

भोंग्याने सांगितलं. भोंगा म्हणजे आमच्या बसचा कंडक्टर. आवाज असा, की तो डेपोत शिंकला तर आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणतात. सकाळी दूध आणायला गेलो तर बसच्या पायरीवर बसून चहा पीत होता. म्हणाला, "काका, पुढच्या मंगळवारपासून गाडी इथे संपत नाही. इथून पुढे, पार नव्या वस्तीपर्यंत."

"पुढे आहे काय?" मी विचारलं.

"पुढे अख्खं शहर आहे, काका. तुम्ही मागे बघत चालता, म्हणून दिसत नाही."

हसलो. घरी येईपर्यंत हसू मावळलं. कारण ही.

हिच्या डोळ्यांत काचबिंदू. जग कडेकडेनं मिटत आलं, मधे दाराच्या फटीएवढा उजेड राहिलाय, तोही धुकट. डॉक्टर म्हणाले, आहे तेवढं सांभाळा. तरी मंगळवारी आणि शुक्रवारी ही एकटी बसने जुन्या बाजारात जाते. तिथल्या शिवणवर्गात मुलींना काजं करायला शिकवते. बोटांनीच बघते. मुली म्हणतात, आजींच्या काजाला उलट बाजू नसते. आमची बस दोन टोकांची – तिकडे जुना बाजार, इकडे आम्ही. येताना हिला काही बघावंच लागत नाही. बस थांबली, इंजिन गप्प झालं, सगळे उतरले की आपणही उतरायचं. घर आलं!

आता इंजिन गप्प होणार नाही. बस इथे नुसता दम खाईल आणि पुढे पळेल.

हिला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगावं?

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिला आधीच ठाऊक होतं. शिवणवर्गातल्या मुली बोलत होत्या म्हणे.

मी घसा साफ करून, शब्द जुळवून सुरुवात केली – "अगं, एक जरा…" – तर भाजी निवडता निवडता म्हणाली, "बसचं ना? बस पुढे जाणार. मी नाही."

"पण उतरणार कशी?"

"पायांनी."

हिच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला टेकण्यासारखं. भिंत हलत नाही, पण आधार वाटतो.

४ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळी वीटभट्टीकडे फिरायला गेलो. माती काढून काढून तिथे मोठा खड्डा झालेला, त्यात पाणी साचायचं आणि बगळे यायचे. मास्तरांनी वहीत काढून दिल्यासारखे स्थिर उभे. भट्टी बंद होऊन वर्षं लोटली हे मला काय माहीत नाही? पण खड्डा तरी कुठे जाईल, असं वाटलं.

गेला की! खड्ड्याच्या जागी इमारती. सगळ्या सारख्या, पहिलीतली पोरं एका गणवेशात रांगेत उभी केल्यासारख्या. कोणती कोण, ते त्यांच्या आईलाच कळावं.

तिथे मोटरसायकलवरच्या एका डिलिव्हरीवाल्याने पत्ता विचारला. मी खुशीत सांगितलं, वीटभट्टीपासून डावीकडे. बराच वेळ गेला. मी त्याच कोपऱ्यावर होतो, तो फिरून परत आला.

"काका, वीटभट्टी कुठंय पण?"

"मी पण तीच शोधतोय."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पाठीवरची पेटी पोटावर घेतली आणि म्हणाला, "बसा मागे. कुठे सोडू?" मी म्हटलं, "शेवट." आमच्या थांब्याचं नाव तेच. त्याने फोनमध्ये घालून बघितलं, फोनला शेवट सापडेना. बायकोचा नंबर विचारला. तो मात्र मला पाठ आहे.

वारा काय छान लागत होता! मोटरसायकलवर मागे बसायची माझी कित्येक वर्षांतली पहिलीच खेप. दारात ही उभी. तो म्हणाला, "मावशी, तुमचं पार्सल."

ही म्हणाली, "सही कुठे करू?"

पण हसली नाही. त्याला आत बोलावून चहा दिला आणि दारात त्याच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. नवीन माणसाशी बोलायची हिला हौस फार.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फोनला 'शेवट' सापडत नाही याचा विचार मनातून जात नाही. फोनला काय बोल लावायचा, नकाशात आम्हाला नावच नव्हतं. आणि तो नकाशा माझ्याच हातचा.

मी नकाशाखात्यात ट्रेसर होतो. साहेब पेन्सिलीने रेघ ओढायचे, मी ती पातळ कागदावर शाईने उतरवायचो. शहराचा रस्ता जिथे संपायचा त्यापुढे काहीच नसायचं. साहेब म्हणाले, रिकामं बरं दिसत नाही, काहीतरी लिही. मी तिरप्या, वळणदार अक्षरात लिहिलं – 'पडीक'. शाळेत शुद्धलेखनाला बक्षीस मिळवलेल्या माणसाचं अक्षर ते! पुढे त्याच पडीकात आम्ही घर बांधलं. ही तेव्हा म्हणाली, "स्वतःच्या हाताने पडीक लिहिलंत आणि मला आणून टाकलंत तिथेच."

मग बस आली. कंडक्टर ओरडायचा, "शेवट, शेवट! चला, शेवट आला!" तेच नाव चिकटलं. शेवटचा दवाखाना. शेवटची शाळा. लेकीच्या लग्नाच्या बोलणीत केवढा घोटाळा! जावयाच्या काकांनी विचारलं, मुलगी कुठली? मी म्हटलं, शेवटची. काका जरा पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "मग थोरल्या कुठे दिल्या?" आम्हाला तर लेक एकुलती एक. त्यावर ही माजघरातून म्हणाली, "थोरली मीच, इथेच दिली." बैठक हसून लोटपोट. लग्न ठरलं ते त्या हसण्यावर.

लिहिता लिहिता तिसरीतली कविता आठवली. गुरुजी टेबलावर पट्टीने ताल धरायचे.

वाट म्हणाली गावाला, "चल ना रे पुढे,"
गाव म्हणाले वाटेला, "थांब ना गं गडे."

वाट म्हणाली, "डोंगरामागे काय असेल बरे?"
गाव म्हणाले, "दिवा लावतो, तेवढे मला पुरे."

आणि शेवटचं कडवं – 'वाट निघाली, गाव निघाले…' – पुढे? पुढे काही येत नाही. लग्नानंतर ही कविता हिला इतक्यांदा ऐकवली होती, की ही कानांवर हात ठेवायची. आणि आता माझंच टाळकं कोरं. हिला विचारलं. म्हणाली, "मला काय तुमच्या शाळेत घातलं होतं?"

७ फेब्रुवारी, शनिवार

लेकीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, तिथेही म्हणे रोज नवा पूल. हिच्याशीच बोलत होती. फोन स्पीकरवर होता आणि मी खिडकीशी पेपर वाचत होतो. डिलिव्हरीवाल्याची हकिकत ऐकून लेक हसली नाही. म्हणाली, "आई, दोघं इकडेच या ना आता. तिथे काय ठेवलंय?"

ही म्हणाली, "माझा वर्ग ठेवलाय."

"मग निदान एकटं सोडायचं नाही. जायचं तर दोघांनी बरोबर. ऐकतेयस ना? एकटं सोडलंत तर मी येऊन घेऊन जाईन."

मी लांबूनच मान हलवली. बरोबर आहे पोरीचं. बस पुढे जायला लागली की हिला एकटं सोडायचं नाही. नाहीतर वर्ग बंद, हे घर बंद, आणि आम्ही दोघं लेकीकडे सतराव्या मजल्यावर. जावई भला आहे. पण तिथे खिडकीतून खाली बघितलं की मी पडदा ओढून घेतो, आणि हिला तर खिडकीच नाही.

जेवताना म्हटलं, "मंगळवारी मी येतो बरोबर."

ही म्हणाली, "काही गरज नाही. मला काय बालवाडीत पोचवायचंय? खबरदार माझ्या मागे आलात तर."

खबरदार म्हटल्यावर मग ठरलंच. मागच्या सीटवर बसायचं. हिला मागचं दिसत नाही. पुढचंच कुठे दिसतं!

९ फेब्रुवारी, सोमवार

डेपोत गेलो. बसमध्ये आता यंत्र थांब्यांची नावं सांगणार आहे. म्हटलं, त्यात आमचं नाव नीट घालून घ्यावं. हिच्या कानाला ओळखीचा एक शब्द पडला की झालं.

टेबलामागे एक तरुण बाई. नम्र. चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधत होती. मी दाखवला. त्यामुळे सुरुवात चांगली झाली.

"पण आजोबा, यंत्रात 'शेवट' कसं घालू? बस तर पुढे जाते. नवीन माणूस उतरून बसेल."

"नवीन माणसाला कळतं हो."

"शिवाय टॉवरवाल्या सोसायटीचा अर्ज आलाय. 'शेवट'मध्ये फ्लॅट आहे म्हटलं की पाहुणे हात जोडतात, म्हणे. त्यांनी 'उद्यान विहार' सुचवलंय."

"उद्यान कुठाय तिथे?"

"विहार तरी कुठाय?" ती म्हणाली आणि आम्ही दोघंही हसलो. मग तिने कागद पुढे सरकवला. नाव ठरून गेलं होतं. तरी म्हणाली, "बघते हं, आजोबा." बघते म्हणणारी माणसं दोन प्रकारची असतात. ती बघणाऱ्यांतली वाटली.

१० फेब्रुवारी, मंगळवार

काय दिवस! सगळं लिहून ठेवतो.

ही पुढच्या दाराने चढली, मी मागच्या. दिवसभर जुन्या बाजारात बाकावर बसून राहिलो. येतानाच्या बसमध्ये नव्या वस्तीला राहायला चाललेली कुटुंबंच्या कुटुंबं – गाद्या, बादल्या, पाळणा, तीनचाकी सायकल, शिडी. मी एका गुंडाळलेल्या गादीमागे दडलो. गादीचा मालक म्हणाला, "काका, टेका हवं तर."

मधे मधे यंत्रातली बाई काहीतरी गोड बोलत होती. आमचा थांबा जवळ आला तसं तिने "उद्यान विहार" म्हटलं. हिने मान तिरकी केली. पण उठली नाही! हाक मारावी तर चोरी उघडी पडणार. तेवढ्यात भोंग्याने इतक्या वर्षांच्या सवयीने हाळी दिली –

"शेवट! शेवट आला! चला, शेवट!"

ही उठली. आणि हिच्याबरोबर अख्खी बस उठली. गाद्या उतरल्या, बादल्या उतरल्या, पाळणा खिडकीतून खाली आला. शेवट म्हटल्यावर नवीन माणूस बसून कसा राहील? डेपोतल्या बाईचं शंभर टक्के खरं झालं. भोंगा ओरडतोय, "अरे, तुम्ही नाही! तुमचा शेवट पुढे आहे!" – पण ऐकतो कोण. ड्रायव्हरने दार लावलं आणि जवळजवळ रिकामी बस पुढे गेली. रस्त्याच्या कडेला सगळा संसार मांडून माणसं उभी. गादीवाला मला विचारतोय, "आमची वस्ती हीच ना?" मी म्हटलं, "नाही बाबा, ही आमची."

त्याच्या बायकोच्या कडेवरचं बाळ रडायला लागलं. ही त्या रडण्याच्या रोखाने चालत गेली आणि म्हणाली, "पुढची बस येईपर्यंत ओट्यावर बसा. पाणी आहे, सावली आहे. मुतवायचं असेल तर मागच्या बाजूला."

सगळी जत्रा आमच्या ओट्यावर. मी मागच्या गल्लीने घरात शिरलो आणि आतून झोपेतून उठल्यासारखा बाहेर आलो. म्हटलं, "अगं, हे काय? कोण आलंय?"

गादीवाला तोंड उघडून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला डोळ्यानेच गप्प केलं. समजूतदार माणूस. ही म्हणाली, "झोप झाली का? बरं झालं. पाणी आणा सगळ्यांना."

त्या बाईने बाळाला आमच्या उंबऱ्याशी दुपट्यावर निजवलं आणि म्हणाली, "आजी, आमच्याकडे अजून पाणी नाही आलं. रस्ता पण नाही. लोक म्हणतात, तिकडे पडीक आहे नुसतं."

ही माझ्या दिशेने तोंड करून म्हणाली, "पडीक ना? मग चांगलंच होईल तिथे. मला अनुभव आहे."

११ फेब्रुवारी, बुधवार

भोंग्याला डेपोतून ताकीद. तोंडाने थांबा सांगायचा नाही. यंत्र सांगेल.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

आज मी तयारीत होतो. यंत्रातली बाई चुकीचं बोलणार, भोंगा मुका, म्हणजे मलाच काहीतरी करावं लागणार. ठरवलं होतं, हिच्या सीटजवळ जाऊन आवाज बदलून "मावशी, उतरा" म्हणायचं. घरी सरावही केला, मोरीत.

काही करावं लागलं नाही. थांबा आला, यंत्र म्हणालं "उद्यान विहार", आणि भोंगा खोकला. काय खोकला! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. तशी ही उठली, दवाखान्यातला म्हातारा कंपाउंडर उठला, शाळेची शिपाईण उठली. शेवटची जुनी माणसं सगळी उठली. नवीन लोक बसून राहिले आणि एकाने तर भोंग्याला पाण्याची बाटली पुढे केली.

उतरताना भोंगा माझ्या कानाशी म्हणाला, "काका, खोकू नये असं कुठल्या नियमात लिहिलंय?"

घरी हिला सहज विचारलं, "बस नीट मिळाली? उतरायचं कळलं?"

म्हणाली, "न कळायला काय झालं? बेकरीचा वास येतो. मग पुलाखालून जाताना आवाज घुमतो. मग एक गचका. मग भोंग्याचा दमा. एवढं सगळं सांगतायत, तरी माणूस चुकेल कसा?"

मला तर पूल झाल्याचं आज लक्षात आलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज थोडी गंमत झाली.

येताना मागच्या सीटवर उन्हाची तिरीप होती. मी कविता म्हणत होतो – मनात, क्वचित ओठात. वाट म्हणाली, गाव म्हणाले, दिवा लावतो, सगळं छान येत होतं. आणि मग 'वाट निघाली, गाव निघाले…' – अडलो. परत पहिल्यापासून. परत अडलो. गुरुजींची पट्टी, खिडकीबाहेरची चिमणी, माझ्या शेजारी बसणारा तो तोतरा मुलगा, त्याला हे कडवं न अडखळता यायचं. सगळं डोळ्यांपुढे, फक्त शब्द नाहीत. डोकं वर केलं तर बस रिकामी आणि इंजिन गप्प.

मी पुढे आलो होतो. पार टोकाला! आणि ही? भोंग्याला विचारलं तर म्हणाला, "मावशी कधीच उतरल्या, काका. खोकलो की मी. तुम्हीच नाही उतरलात." मी आणखी काही विचारायच्या आत त्याने चहा हातात दिला. "प्या. ह्याच गाडीने परत नेतो."

मग बाहेर बघितलं. धूळ. विटांचे ढीग. अर्धवट भिंतींतून वर आलेल्या सळया, पेरलेलं उगवून यावं तशा. रस्ता अजून रस्ता व्हायचाय. पण एका दाराला निळा रंग लावून झालाय, एकीने डब्यात तुळस का मिरची काहीतरी लावलंय, एकाने केस कापायची खुर्ची उघड्यावर मांडलीय आणि गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे न बघता मागच्या इमारतीकडे बघतंय. भिंतीवर उन्हात टाकलेली गादी ओळखीची वाटली. तेवढ्यात हाक आली, "अहो, तुम्ही त्या आजींचे ना?" बाळाची आई! बाळ बसायला लागलंय. म्हणाली, "पाण्याचा टँकर येतो आता. आजींना सांगा."

"ह्या थांब्याला काय म्हणतात?" मी विचारलं.

"लोक शेवट म्हणतात. तुमचा तो जुना शेवट, हा नवा."

मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू! अगदी असंच होतं आमच्याकडे. असाच निळा रंग. हिने पदर खोचून स्वतः दिलेला, भिंतीपेक्षा हिच्या हातांना जास्त लागलेला. मला वाटत होतं ते दिवस संपले. संपले कुठले, बसने दोन-चार थांबे पुढे गेलेत इतकंच.

परत आलो तर ही थांब्यावरच उभी. पिशवी हातात.

"कुठे गेला होतात?"

"जरा… भाजी आणायला."

"भाजी कुठाय?"

"चांगली नव्हती."

"बरं," म्हणाली, आणि माझा दंड धरला. गर्दीतून घरापर्यंत सोडला नाही. हिला पायाखालचं दिसत नाही ना.

१८ फेब्रुवारी, बुधवार

भाजीवालीने विचारलं, "काका, माझी भाजी चांगली नाही म्हणालात?" ही कुठे काय बोलून ठेवते, नेम नाही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

डेपोतली बाई खरंच बघणारी निघाली. काल स्वतः बसमध्ये बसली. भोंगा खोकला तशी निम्मी बस उठलेली पाहून तिने आधी भोंग्याला दवाखान्यात जायला सांगितलं. मग कंपाउंडर काकांनी सगळा प्रकार सांगितला. ती इतकी हसली म्हणे, की तिचा स्वतःचाच थांबा चुकला.

आज यंत्रात नवीन शब्द. मी मागच्या सीटवर, कान टवकारून.

"पुढील थांबा – जुना शेवट. बस पुढे जाईल."

तीच गोड बाई, तोच गोड आवाज, पण आज आमच्या घरातलं कोणी बोलल्यासारखं वाटलं. ही उठली. नवीन लोक बसून राहिले. जुने उतरले. भोंगा खोकला नाही. त्याला जरा वाईट वाटल्यासारखं दिसलं. टॉवरवाल्या सोसायटीचे सेक्रेटरी टाय सावरत उतरले आणि मला म्हणाले, "जुना शेवट! घ्या आता. त्यापेक्षा नुसता शेवट बरा होता."

मी म्हटलं, "घाबरू नका. अजून नवनवे होतील. आपण मधोमध येऊ."

म्हणजे आता हिला माझी गरज नाही. यंत्र सांगतंच. पण म्हटलं, यंत्राचा काय भरवसा? मागची सीट मला आवडायला लागलीय. ऊन येतं. मंगळवार-शुक्रवार असेच जावेत.

३ मार्च, मंगळवार

आजही कडव्याशी अडलो. उतरायच्या वेळी ही दारात कितीतरी वेळ खांब धरून उभी राहिली, भोंगाही घंटी देईना. बस थांबलेली. मी घाईघाईने मागून उतरलो, तेव्हा कुठे ही खाली आली. हल्ली गुडघेही धरतात वाटतं हिचे. बोलत नाही बिचारी.

१५ मार्च, रविवार

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर ही स्वयंपाकघरात लेकीशी फोनवर बोलत होती.

"…अगं, एकटं कुठे सोडते मी? नेते की बरोबर. खबरदार मागे याल तर म्हटलं, की येतातच. तुझ्या बाबांना मी ओळखत नाही होय? घरी ठेवलं तर वीटभट्टी शोधायला निघतील… नाही गं, दिसायला कशाला हवं? मागून पुटपुट ऐकू येते. त्या शेवटच्या कडव्याशी अडतात, परत पहिल्यापासून सुरू. पुटपुट चालू आहे तोवर आहेत मागे… एकदाच पुढे गेले. तेव्हा भोंग्याने चहा पाजून आणून दिलं… छे, मला येतं की ते कडवं. इतक्यांदा ऐकवलंय. पण सांगणार नाही. आठवलं की गप्प बसतील, आणि मग मला कळायचं कसं?"

मी आवाज न करता परत आडवा झालो. आणि छताकडे बघता बघता, पट्टीचा ताल कानात पडावा तसं, सगळं कडवं आपोआप आलं –

वाट निघाली, गाव निघाले, कोण कुणाच्या मागे?
दोघांनाही वाटत होते, मीच एकटे जागे.

परवा मंगळवार. बसमध्ये 'गाव निघाले'पाशीच अडायचं. विसरता कामा नये.